गोलरक्षक कवी आणि शेजारचे मैदान

२०११ साली आमच्या गावच्या कबड्डी मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने स्मरणिका काढायचे ठरले आणि मंडळाचा इतिहास कोणी लिहायचा हा प्रश्न निघाल्यावर सगळ्यांची नजर साहजिकच माझ्याकडे वळली. मी तालुक्याच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. त्यामुळे लिहिणे हे माझेच काम, असा गावाचा समज आहे. मंडळाचे जुने चिटणीस, ज्यांना सारा गाव आबा म्हणे, एका संध्याकाळी घरी आले. "मास्तर, दहा पानं लिहून दे. जाहिरातींचं आम्ही बघतो," म्हणाले. मी त्या वेळी एका चर्चासत्रासाठी आधुनिकतावादी कवितेवर निबंध लिहीत होतो. "आबा, हे माझं क्षेत्र नाही," असे मी सांगितले. आबांनी चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि उठता उठता म्हणाले, "गाव तर तुझंच हाय न्हवं?"

स्मरणिका निघाली. तिच्यात शुभेच्छांचे संदेश होते, खताच्या आणि पाइपांच्या दुकानांच्या जाहिराती होत्या, आणि इतिहासाच्या जागी आजी-माजी पदाधिकाऱ्यांची यादी होती. तीन वर्षांनी आबा गेले. १९६१ मध्ये मैदानाची जागा कशी मिळाली, पहिल्या संघात कोण कोण होते, मधली चारपाच वर्षे मंडळ बंद का पडले होते, हे सारे त्यांना तोंडपाठ होते. ते त्यांच्याबरोबर गेले. माझा निबंध चर्चासत्रात वाचला गेला आणि नंतर तो कोणी उघडून पाहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

ही जुनी बोच पुन्हा वर येण्यास कारण झाले ते आयर्लंड. २०२४ च्या उन्हाळ्यात मी धाकट्या भावाकडे डब्लिनला दोन महिने राहिलो. त्याची अकरा वर्षांची मुलगी तिथल्या उपनगरातल्या एका क्लबात गेलिक फुटबॉल खेळते. शनिवारी सकाळी तिला मैदानावर सोडायला जाणे हे माझे काम झाले, आणि पावसात छत्री धरून उभे राहता राहता मी तो खेळ शिकलो.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू असतात. चेंडू हातात धरता येतो, पण चार पावलांच्या आत तो जमिनीवर आपटावा लागतो किंवा पायाने उडवून पुन्हा हातात घ्यावा लागतो. गोलाचे खांब रोमन एच अक्षरासारखे. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेलेला चेंडू म्हणजे गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून गेला तर एक गुण. २०२५ पासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या अशा फटक्याला दोन गुण मिळू लागले आहेत. गोल आणि गुण वेगवेगळे लिहिण्याची पद्धत असल्यामुळे १-१२ याचा अर्थ पंधरा. या खेळात पगारी खेळाडू नाहीत. क्रोक पार्क या डब्लिनमधल्या मैदानात ब्याऐंशी हजार लोकांसमोर अंतिम सामना खेळलेला तरुण सोमवारी शाळेत शिकवायला किंवा गोठ्यात दूध काढायला जातो. आणि तो ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या ज्या गावपरिसरात, जन्मला तोच बहुधा त्याचा क्लब. क्लब बदलण्याची नियमात सोय आहे. पण ती सहज कोणी वापरत नाही.

या खेळाची शिखरसंस्था, गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात स्थापन झाली. संस्थापकांतला मायकेल क्युसॅक आपल्या परिचयाचा आहे, फक्त आपल्याला ते ठाऊक नसते. जॉइसच्या 'युलिसिस'मधल्या बाराव्या प्रकरणात दारूच्या गुत्त्यात बसून ब्लूमवर तोंडसुख घेणारा तो एकाक्ष 'नागरिक' बव्हंशी क्युसॅकवरून घेतलेला आहे. मी ते प्रकरण पंधरा वर्षे शिकवले. सायक्लॉप्स, मिथक, विडंबन या सगळ्यांवर बोललो. त्या माणसाने उभ्या केलेल्या संघटनेची शाखा आज आयर्लंडच्या जवळजवळ प्रत्येक पॅरिशमध्ये आहे, हे मात्र एकदाही वर्गात सांगितले नाही. कारण मला ते माहीतच नव्हते.

भावाच्या घराजवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात स्थानिक इतिहासाचे एक कपाट आहे. त्यात क्लबांच्या इतिहासांची रांगच होती. १९८४ मध्ये संघटनेची शताब्दी झाली तेव्हा आणि त्यानंतर गावोगावच्या क्लबांनी असे ग्रंथ काढले. बहुतेक जाडजूड, चकचकीत कागदावरचे, लेखक गावातलाच शिक्षक नाहीतर धर्मगुरू. मी कुतूहलाने एक घेतला आणि मग रोज एक याप्रमाणे वाचत गेलो. या ग्रंथांचा एक ठरलेला घाट आहे. आरंभी पॅरिशचा भूगोल आणि नावांची व्युत्पत्ती; मग पहिला सामना; मग हरवलेल्या इतिवृत्ताच्या वह्या; मग फाटाफूट आणि समेट; मैदानाची खरेदी; आणि पानोपानी संघांची छायाचित्रे, खाली डावीकडून उजवीकडे नावे. एखाद्या नावाच्या जागी प्रश्नचिन्ह. एखाद्या नावापुढे बॉस्टन किंवा बर्मिंगहॅम. पाठोपाठच्या वर्षांची छायाचित्रे पाहिली तर देशांतराचा इतिहास वेगळा वाचावा लागत नाही.

समीक्षेच्या कोणत्याही व्याख्येत हे साहित्य बसत नाही. तरीही हे कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले आणि त्याला इतके वाचक कसे मिळाले, हे प्रश्न साहित्याचेच आहेत. ज्याचे नाव पुस्तकात आहे त्याच्या घरात ते पुस्तक असते. आपल्याकडच्या किती कवितासंग्रहांविषयी असे म्हणता येईल?

याच ओढीने मी पॅट्रिक कॅव्हनाकडे नव्याने वळलो. कॅव्हना १९०४ मध्ये मोनाहन जिल्ह्यातल्या इनिसकीन या पॅरिशमध्ये जन्मला. बाप चांभारकाम करी आणि थोडी शेती होती. शाळा बाराव्या-तेराव्या वर्षी सुटली. १९३९ मध्ये तो डब्लिनला गेला आणि १९४२ मधल्या 'द ग्रेट हंगर' या दीर्घ कवितेने त्याने आयरिश खेड्याचे रम्य चित्र पुसून टाकले. हे सारे अभ्यासक्रमात असते. अभ्यासक्रमात नसते ते हे, की हा कवी इनिसकीन ग्रॅटन्स या गावच्या क्लबाचा गोलरक्षक होता. क्लबाच्या नावातला ग्रॅटन म्हणजे अठराव्या शतकातला आयरिश संसदपटू हेन्री ग्रॅटन. सामना रंगात असताना गोल सोडून कॅव्हना आइस्क्रीम आणायला गेला आणि मागे गोल झाला, अशी एक दंतकथा अजून सांगितली जाते. तो क्लबाचे पैसेही सांभाळी. पैशांची पेटी आपल्या पलंगाखाली असे आणि अधूनमधून सिगारेटच्या पाकिटापुरते त्यातून निघाले असतील, फार नाही, असा मिस्कील कबुलीजबाब त्याने स्वतःच एका लेखात दिला आहे. आयरिश जीवन रंगवणाऱ्याला या संघटनेकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, असेही तो त्याच लेखात अर्धवट थट्टेने म्हणतो.

थट्टा अर्धवटच होती. कॅव्हनाच्या विचाराचा गाभा पॅरिश हाच आहे. 'प्रांतीय' आणि 'पॅरिशचा' या दोन शब्दांत त्याने केलेला भेद प्रसिद्ध आहे. प्रांतीय मनुष्य स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही; राजधानी काय म्हणते ते ऐकल्याशिवाय त्याला मत नसते. पॅरिशच्या माणसाला मात्र आपल्या गावाच्या सामाजिक आणि कलात्मक मोलाविषयी शंकाच नसते. कॅव्हनाच्या मते मोठ्या संस्कृती या दुसऱ्या प्रकारच्या माणसांनी घडवल्या. 'एपिक' ही त्याची चौदा ओळींची कविता हेच सांगते. म्यूनिकच्या कराराच्या वर्षी, म्हणजे १९३८ मध्ये, गावात दोन घरांचा खडकाळ जमिनीच्या तुकड्यावरून तंटा चालला आहे. यातले महत्त्वाचे काय, असा संभ्रम पडलेल्या कवीच्या कानात होमरचे भूत येऊन पुटपुटते, की मी 'इलियड' असल्याच एका गावभांडणातून रचले.

ही कविताही मी शिकवली होती. नेमाड्यांच्या देशीवादाशी तिची तुलना करून विद्यार्थ्यांकडून टिपणे लिहून घेतली होती. आणि आबांना मी सांगितले होते, हे माझे क्षेत्र नाही. कॅव्हनाच्या व्याख्येनुसार त्या संध्याकाळी ओसरीवर बसलेल्या दोघांपैकी प्रांतीय कोण होता, हे सांगायला टीकाकाराची गरज नाही.

ऑगस्टमध्ये भावाने सुट्टी काढून मला इनिसकीनला नेले. जुन्या चर्चच्या इमारतीत कॅव्हनाचे स्मृतिकेंद्र आहे आणि जवळच त्याची कबर. ते पाहून आम्ही उत्तरेकडे निघालो. दहाएक किलोमीटरवर क्रॉसमग्लेन लागते. वाटेत एक आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली जाते. पण अंतराचे फलक किलोमीटरवरून मैलांवर आले एवढ्यावरूनच ते कळते. इनिसकीन आयर्लंडच्या प्रजासत्ताकात आहे, क्रॉसमग्लेन उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटिश राज्यात. १९२१ मध्ये फाळणी झाली तेव्हा खेळाच्या संघटनेने मात्र ती मानली नाही. तिचे बत्तीस जिल्हे अखंड राहिले.

क्रॉसमग्लेन म्हणजे सुमारे दीड हजार वस्तीचे गाव आणि मधोमध एक भलामोठा चौक. इथल्या क्रॉसमग्लेन रेंजर्स या क्लबाची स्थापना १८८७ ची. पुढची ऐंशी वर्षे त्याचा इतिहास इतर शंभर क्लबांसारखाच आहे. वेगळेपण येते ते १९७० च्या दशकात. संघर्षाची वर्षे सुरू झाली, गावातल्या पोलीस ठाण्याला लागून ब्रिटिश सैन्याचा तळ उभा राहिला, आणि हा तळ क्लबाच्या मैदानाला अगदी खेटून होता. रस्त्यांत सुरुंग असल्यामुळे सैन्याची ये-जा आणि रसदसुद्धा हेलिकॉप्टरने होई. त्यासाठी क्लबाच्या जमिनीचा काही भाग सैन्याने ताब्यात घेतला. सामना चालू असताना वरून हेलिकॉप्टर उतरे, खेळ थांबे, मग पुन्हा सुरू होई. तळाच्या भिंतीपलीकडे गेलेले चेंडू परत येत नसत, असे सांगतात.

या प्रसंगी दोन गोष्टी एकत्र ध्यानात घ्यायला हव्यात. एक म्हणजे, खेळाच्या मैदानावर सैन्य येणे याला आयरिश स्मृतीत एक जुना संदर्भ आहे. २१ नोव्हेंबर १९२० रोजी क्रोक पार्कवर सामना चालू असताना सरकारी सशस्त्र दलांनी केलेल्या गोळीबारातून चौदा जणांना मृत्यू आला. त्यांत टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन होता. दुसरी म्हणजे, दक्षिण आर्मा हा त्या तीस वर्षांत सैनिकांसाठीही अत्यंत जीवघेणा प्रदेश होता. क्रॉसमग्लेनच्या रस्त्यांवर मारले गेलेले तरुण सैनिकही कुठल्या तरी गावाचे, कुठल्या तरी फुटबॉल संघाचे होते. क्लबाच्या इतिहासात त्यांना जागा असणार नाही. पण वाचणाऱ्याने ती मनात ठेवावी.

क्लबाने मैदान सोडले नाही. पत्रव्यवहार, शिष्टमंडळे, वकील आणि दर आठवड्याला सराव, असे वर्षानुवर्षे चालले. मला यातले शेवटचे सर्वांत महत्त्वाचे वाटते. मैदानावरचा हक्क कागदावर सांगता येतो. पण तो तिथे खेळत राहिल्यानेच टिकतो. आणि मग १९९६ पासून या गावाने जे केले ते कोणा कादंबरीकाराने लिहिले असते तर आपण त्याला अतिरंजित म्हटले असते. १९९६ ते २००८ अशी सलग तेरा वर्षे रेंजर्स आर्मा जिल्ह्याचे विजेते होते. १९९७, १९९९, २०००, २००७, २०११ आणि २०१२ असे सहा वेळा ते अखिल आयर्लंड क्लब विजेते झाले. यांतल्या पहिल्या तीन विजयांच्या वेळी तळ तिथेच होता. १९९८ च्या शांतता करारानंतर सैन्य टप्प्याटप्प्याने मागे गेले आणि २००७ मध्ये तळ बंद झाला.

पहिल्या तीन विजयांचा प्रशिक्षक जो कर्नन याच गावचा. १९७७ च्या अंतिम सामन्यात आर्मा हरला तेव्हा तो खेळाडू होता. २००२ मध्ये तो जिल्ह्याचा प्रशिक्षक म्हणून पुन्हा क्रोक पार्कवर आला. मध्यंतराला संघ मागे होता. १९७७ मध्ये उपविजेता म्हणून मिळालेले स्मृतिचिन्ह त्याने खेळाडूंना दाखवले आणि भिंतीवर फेकून मारले. पूर्वार्धात पेनल्टी हुकलेला क्रॉसमग्लेनचाच ओशीन मॅकॉनव्हिल याने उत्तरार्धात गोल केला, आणि केरीचा १-१२ विरुद्ध ०-१४ असा एका गुणाने पराभव करून आर्माने पहिल्यांदा अखिल आयर्लंड अजिंक्यपद मिळवले. दुसरे मिळाले ते मी तिथे होतो त्याच वर्षी, जुलै २०२४ मध्ये. क्रॉसमग्लेनच्या चौकात आम्ही उतरलो तेव्हा घराघरांवर नारिंगी झेंडे होते. एक म्हातारे गृहस्थ बाकावर बसले होते. आम्ही कुठले, हे विचारून झाल्यावर त्यांनी माझ्या भावाला विचारले, "मुलगी कुठल्या क्लबात?" त्याने नाव सांगितले. ते ओळखीचे निघाले. भाऊ तिथे अकरा वर्षे राहतो आहे. पण त्याला त्याचे गाव कोणी विचारले आणि त्याला ते सांगता आले, असे मी प्रथमच पाहिले.

इथेच थांबलो तर हा लेख क्लबाच्या स्मरणिकेसारखाच होईल. त्या कपाटातले ग्रंथ सलग वाचताना त्यांत काय नाही, हेही जाणवत गेले. ज्यांनी कपडे धुतले, चहा केला, निधी जमवला त्या स्त्रिया बहुतेक ठिकाणी एका परिच्छेदात आटोपतात. स्त्रियांच्या गेलिक फुटबॉलची संघटनाच मुळी १९७४ ची. मैदानावरच्या नायकाच्या घरातले दुःख तिथे नसते. मॅकॉनव्हिलला आपल्या जुगाराच्या व्यसनाची कथा २००७ मध्ये स्वतःच्या पुस्तकात सांगावी लागली. आणि बहिष्काराचा इतिहास घाईने उरकला जातो. क्रिकेट, रग्बी, सॉकर हे 'परकीय' खेळ खेळणाऱ्या किंवा पाहणाऱ्या सभासदाला काढून टाकण्याचा नियम १९७१ पर्यंत होता. त्याचा सर्वांत अजब बळी म्हणजे डग्लस हाइड. आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी १८९३ मध्ये गेलिक लीग स्थापणारा हा विद्वान १९३८ मध्ये देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला, आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष या नात्याने सॉकरचा सामना पाहिल्याबद्दल संघटनेने त्याला आश्रयदातेपदावरून दूर केले. म्हणजे कॅव्हनाच्या कवितेतल्याच वर्षी. पोलीस आणि ब्रिटिश सैनिक यांना सभासदत्व नाकारणारा नियम तर २००१ मध्ये रद्द झाला, आणि तोही उत्तरेकडील बहुतेक जिल्ह्यांचा विरोध असताना. ज्यांचे मैदान सैन्याने घेतले होते त्यांचा विरोध समजण्यासारखा आहे. पण 'आपले' हा शब्द उच्चारला की त्याच्याभोवती कुंपण आपोआप उभे राहते, हेही तितकेच खरे. पॅरिशच्या आत्मविश्वासाविषयी कॅव्हनाने जे लिहिले त्याला ही पुरवणी जोडल्याशिवाय ते वाचू नये, असे मला वाटते.

परतीच्या विमानात मला 'बनगरवाडी' आठवली. माडगूळकरांच्या त्या कादंबरीत धनगरांच्या वाडीवर आलेला कोवळा मास्तर लोकांना गोळा करून तालीम बांधून घेतो. सारी वाडी राबते, उद्घाटनाला राजे येतात. पुढे दुष्काळ पडतो आणि गाव उठून जाते. तालीम राहते, कुस्ती खेळायला कोणी राहत नाही. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या कित्येक खेड्यांत आज मुलेच कमी झाल्याने शेजारशेजारचे क्लब एकत्र येऊन संघ उभा करतात. वास्तू आणि मैदाने आहेत, पंधरा मुले नाहीत. आमच्या गावचे मैदानही आता वर्षातून एकदा, यात्रेच्या सामन्यांपुरते आखले जाते. बनगरवाडीच्या मास्तरने निदान तालीम बांधली. माझ्याकडे दहा पाने मागितली होती.

म्हणून गेल्या वर्षभरापासून मी ती लिहितो आहे. आबांच्या घरी पत्र्याच्या पेटीत तीन वह्या निघाल्या. एकीची अर्धी पाने वाळवीने खाल्ली आहेत. १९६१ च्या पहिल्या पानावर वर्गणीची यादी आहे: आठ आणे, रुपया, एकाने दोन पायली ज्वारी. मैदान हे गायरानातले, हे कळले. मंडळ बंद का पडले, तेही कळले. एका सामन्यानंतर पंगतीला कोणी कोणाशेजारी बसायचे यावरून ते भांडण झाले होते. वहीत फक्त 'मतभेदामुळे' एवढाच शब्द आहे. तपशील मला बौद्धवाड्यातल्या एका ऐंशी वर्षांच्या काकूंनी सांगितला, कारण त्या पहिल्या संघातला उजवा चढाईपटू त्यांचा दीर होता. पन्नास वर्षांच्या पदाधिकाऱ्यांच्या यादीत त्या वस्तीतले एकही नाव नाही.

मंडळातल्या आताच्या पोरांना मी हे सांगितले तेव्हा काही वेळ कोणी बोलले नाही. मग एकजण म्हणाला, "सर, हे छापायचं का?" मी त्याला म्हणालो, छापायचे. तो प्रश्न अजून मिटलेला नाही. त्यावर दोन बैठका झाल्या आहेत आणि तिसरी दिवाळीनंतर आहे. मंडळाने नाही म्हटले तर मी पुस्तिका स्वतःच्या खर्चाने काढणार आहे, हेही मी त्यांना सांगितले आहे.

सध्या माझ्या टेबलावर पहिल्या संघाचे छायाचित्र आहे. अकरा माणसे, मागे लिंबाचे झाड. डावीकडून उजवीकडे दहा नावे लागली. काकूंचा दीर मागच्या रांगेत तिसरा. पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेला, कपाळावर पट्टी बांधलेला एक मुलगा कोणालाच ओळखू येत नाही. आबांना ते नाव सांगायला अर्धे मिनिटही लागले नसते. त्या जागी मी तूर्त प्रश्नचिन्ह ठेवले आहे, आणि यात्रेला मुंबईहून जुनी माणसे येतील तेव्हा ते छायाचित्र घेऊन मी मैदानावर बसणार आहे.